गुलाबदासांच्या नावाने कोरडी जाळी

मुखरू ढिवर स्वतःला कमी समजणाऱ्यांतला नव्हता. आपल्यासारखी बासरी वाजवणारा पंचक्रोशीत दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगे, आणि ते खरंच असल्यामुळे कोणाला राग धरता येत नसे. दरसाल मार्कंड्याच्या जत्रेत तंबूचा सिनेमा येई. मुखरू देवाला हात जोडून तडक तंबूत शिरे आणि एकच खेळ तीन-तीनदा पाही. पाही कसला, डोळे मिटून ऐके. संगीत मास्टर गुलाबदासांचं. तंबूबाहेरच्या पाटीवरचं ते नाव त्याने एका मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. बाकी अक्षरशत्रू असला तरी तेवढं नाव त्याला कुठेही ओळखता येई.

म्हणूनच छप्पन सालच्या भातरोवणीच्या दिवसांत, मूलच्या बाजारात मिठाची पुडी हातात पडली तेव्हा त्या कागदावरचं नाव त्याला लगेच दिसलं. भाताच्या गिरणीतल्या मुनिमाने वाचून सांगितलं, गुलाबदास मुंबईत वारले. कागद आठ महिन्यांचा जुना होता. मुखरू गिरणीच्या ओट्यावर बसून पोटभर रडला आणि उठला तो काहीतरी ठरवूनच.

मुखरूच्या गावच्या ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, एक रीत होती. आपलं माणूस गेल्याचं कळलं, मग कितीही उशिरा कळो, की सगळ्यांनी तलावात आंघोळ करायची आणि एक दिवस जाळी पाण्यात टाकायची नाहीत. दुसऱ्या सकाळी तलावाच्या पाळीवर मुखरूने तीच मागणी केली. लोक हसले. उमाजी म्हातारा मात्र हसला नाही. गावात शब्द त्याचा चाले.

"तो आपला कोन लागते रे?" त्याने विचारलं.

उत्तरादाखल मुखरूने बासरी काढून एक चाल वाजवली. रोवणीला निघालेल्या बाया थबकल्या.

"हे तं आमच्या रोवणीचं गानं होय!" मुखरूचीच बायको भागीरथा म्हणाली.

"शब्द तुमचे. चाल त्याची. जत्रेतून मी आनली."

"मंग इतके साल सांगतलं नाई काऊन?"

"कोनी विचारलं काय?" मुखरू पुढे म्हणाला, "उमाजीभाऊ, आज सांजवेळेपर्यंत हे चाल गावात कोनाच्या तोंडी आली नाई, तं उद्या पयलं जाळं माझं पडन. अन् हे बासरी तलावात. पन आली, तं उद्या साऱ्याइची जाळी कोरडी."

उमाजीने मान डोलावली. मग काय, सगळ्या गावाने ओठ शिवून घेतले. भाताच्या बांधीत चिखलात वाकलेल्या बाया मुक्याने रोवू लागल्या. एरवी चालीवर पडणारे हात आता कुठेही पडत, ओळी वाकड्या जात. पण आवाज म्हणून नाही. दुपार टळली. मुखरू मिशीला पीळ देत पाळीवर फिरत होता, तरी कमरेची बासरी त्याने दोनदा चाचपून पाहिली. बासरी गेली तर आपण नुसते ढिवर उरू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ऊन उतरताना तो पाळीच्या टोकाशी पोचला. तिथे उमाजी एकटाच फाटकं जाळं सांधत बसला होता. तीन गाठी, थोडं थांबून एक ओढ, पुन्हा तीन गाठी. आणि त्याच ठेक्यावर म्हातारा गुणगुणत होता. तीच चाल!

दुसऱ्या एखाद्याने गाव डोक्यावर घेतलं असतं. मुखरूला ते सुचलंच नाही. म्हाताऱ्याचे डोळे ओले होते.

उमाजीने वर पाहिलं. "आयकलं तू?"

"नाई, भाऊ."

"लबाड बोलू नोको." उमाजीचे हात जाळ्यात तसेच राहिले. "तुझी वयनी गुणा म्हने हे. माझ्या बाजूले बसून गाठी मारे, तवा. जाऊन दोन साल झाले तिले. मले वाटे, हे तिचंच होय."

"तिचंच होय, भाऊ."

उमाजी उठला. जाळं त्याने खांबावर वाळत टाकलं आणि सगळ्यांना हाक मारून बजावलं, "उद्या कोनी जाळं भिजवू नोका." मग तो कमरेइतक्या पाण्यात उतरला. मागोमाग मुखरू, मग एकेक करून सगळे.

ओंजळीत पाणी घेऊन म्हातारा थांबला. "नाव काय सांगतलं होतं तू त्याचं?"

दिवसभर तोरा मिरवणाऱ्या मुखरूने मान खाली घालून आपलीही ओंजळ भरली.

"गुलाबदास," तो म्हणाला, आणि उमाजीने ओंजळ सोडली.