जांभळ्या ठिपक्याचा आकडा

प्रयोगशाळेच्या काळोख्या खोलीत भिंतीवर जांभळा ठिपका पडला होता. इतका मंद, की दिसतोय की नुसता भासतोय, कळत नव्हतं. लेसर डायोडच्या लेबलवर तरंगलांबी छापली होती, ४०५ नॅनोमीटर. मी तीनदा मोजली, तिन्ही वेळा ४०९ आली. निळ्या डायोडवर ४५० होतं, मला मिळालं ४४६.

"अगं, लेबलवरचंच लिही ना," माझी प्रयोगातली जोडीदारीण सायली म्हणाली. "सगळे तिथूनच उलटं गणित करून मोजमापं भरतात. सरांनी मार्क कापले म्हणजे?"

भीती मलाही होती. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. छापलेलं चूक आणि माझं बरोबर, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

मग आई आठवली. साड्यांना फॉल लावताना ती रिळावर छापलेला रंगाचा नंबर बघत नाही. दोरा आणि साडीचा काठ घेऊन दारातल्या उन्हात जाते. "रंग उजेडालाच विचारावा," म्हणते. त्या उन्हात रंग तिच्याशी हळूच बोलतात, असं मला लहानपणी वाटायचं.

ठिपका भिंतीवर शांत होता, कुणीतरी विचारेल म्हणून थांबल्यासारखा.

मी वहीत ४०९ लिहिलं. पेन्सिलीनं नाही, पेनानं.