सातवीनंतरची रांग

बातमी आली तेव्हा मी खिचडी चाखत होतो.

मुलांना वाढण्याआधी मुख्याध्यापकाने खिचडी चाखायची आणि वहीत चव नोंदवायची, असा नियम आहे. अकरा वर्षांत मी त्या वहीत 'उत्तम'शिवाय दुसरा शब्द लिहिलेला नाही. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. परीक्षा संपल्या होत्या, मुलं निम्मीच आली होती. फोन परबबाईंच्या मुलाचा होता. बाई दोन दिवस रजेवर होत्या, मला वाटलं रजा वाढवायची असेल.

"सर, आई गेली. सकाळी."

मी "हो" म्हणालो. मग वही पुढे ओढली, 'उत्तम' लिहिलं, सही केली आणि त्यानंतर खुर्चीत बसलो.

शाळेतल्या किश्श्यांचं मोडक्या बाकांसारखं असतं. कोणी मुद्दाम जमवत नाही आणि कोणी फेकतही नाही. एक दिवस त्या खोलीचं दार उघडावं, तर छतापर्यंत ढीग! तेराव्याला आम्ही सगळे शिक्षक भांडुपला बाईंच्या घरी बसलो होतो, तेव्हा ते दार उघडलं. प्रत्येक किश्श्यात दोन पात्रं. एक परबबाई. दुसरं, ज्याला काही कळत नाही असं, ते मी.

*

आधी शाळा सांगतो. घाटकोपरच्या डोंगरावर, वस्तीच्या मधोमध. मराठी माध्यम, पहिली ते सातवी. आठवीसाठी डोंगर उतरून, मोठा रस्ता ओलांडून खालच्या हायस्कूलमध्ये जावं लागतं. चालत वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत दरवर्षी काही मुलगे आणि त्याहून जास्त मुली गळायच्या. कोणी धाकट्या भावाला सांभाळायला, कोणी घरी इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवायला.

परबबाई सातवीच्या वर्गशिक्षिका. आयुष्यातलं त्यांचं ध्येय एकच : या वीस मिनिटांत कोणी गळता कामा नये. माझं ध्येय मुख्याध्यापक होणं हे होतं. ते ज्येष्ठतेने आपोआप पूर्ण झालं.

*

नवीन हेडमास्तर झालो तेव्हा मला शिस्तीने पछाडलं होतं. सकाळची शाळा सातची आणि मुलं उगवायची साडेसातला. मी फळ्यावर सूचना लिहिली, 'सात वाजून पाच मिनिटांनी गेट बंद होईल.'

बाई म्हणाल्या, "सर, वस्तीत पाणी सातला येतं."

"म्हणून काय झालं? वेळ म्हणजे वेळ!"

पहिल्या दिवशी अर्धी शाळा गेटबाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार. सातच्या आत अख्खी शाळा हजर! मी गेटवर उभा राहून छाती फुगवून बघत होतो. प्रत्येकाच्या पाठीवर दप्तर आणि हातात कॅन. कोणाकडे पाच लिटरचा, कोणाकडे वीसचा. एक दुसरीतलं पोर तर अख्खा हंडा घेऊन आलं होतं. प्रार्थनेच्या वेळेस सगळे रांगेत उभे होते, पण मुतारीजवळच्या नळापाशी!

सव्वासातपर्यंत शाळेची टाकी रिकामी.

बाई साताऱ्याच्या माणसाशी, म्हणजे माझ्याशी, एरवी शुद्ध बोलायच्या. चिडल्या किंवा खूश झाल्या की मालवणीत जायच्या. त्या दिवशी यातलं नक्की काय झालं होतं ते मला अजून कळलेलं नाही. म्हणाल्या, "नियम बरो आसा सर. आता पाणी पण हयसरच गावता."

दुसऱ्या दिवसापासून गेट उघडं.

*

नंतर मला चार दिवसांच्या नेतृत्व प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून मी दोन गोष्टी घेऊन आलो : एक प्रमाणपत्र आणि एक व्हिजन. व्हिजन दिसली पाहिजे, असं तिथले सर म्हणाले होते. म्हणून मी दहा बाय आठचा फ्लेक्स करून घेतला. 'प्रत्येक मूल शिकेल, प्रत्येक मूल पुढे जाईल.' बाजूला हात जोडलेला माझा फोटो. फोटो वाक्यापेक्षा मोठा झाला होता, ती चूक प्रिंटिंगवाल्याची. निदान तेव्हा मी तसं सांगितलं होतं.

बाईंनी फ्लेक्सकडे बराच वेळ बघितलं. "सर, ट्रेनिंग झालंच आहे, तर जरा ते टेबल उचलायला हात लावता?"

जुलैमध्ये फ्लेक्स गायब झाला. मी चौकशी केली, वॉचमनला झापलं. ऑगस्टमध्ये बाईंबरोबर एका गैरहजर मुलाच्या घरी गेलो, तर घराच्या पत्र्यावर मी! हात जोडलेला, आकाशाकडे तोंड करून, पोटावर चार विटा.

मुलाची आई ओशाळली नाही की काही नाही. उलट म्हणाली, "सर, लय उपकार झाले बघा तुमचे. आता पाऊस तुमच्या तोंडावर पडतो, आमच्या नाय पडत!"

मुलगा सोमवारपासून शाळेत यायला लागला. आदल्या महिन्यात त्याची पुस्तकं भिजली होती, म्हणून येत नव्हता. माझ्या व्हिजनने प्रत्यक्षात पुढे नेलेला हा एकमेव विद्यार्थी.

*

शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे दरवर्षी असतो. एका वर्षी मी ठरवलं, खुर्चीत बसून नेतृत्व होत नाही, आपण स्वतः जायचं. छापील फॉर्म घेतला, गळ्यात ओळखपत्र घातलं आणि एक गल्ली धरली. प्रत्येक दारात एकच प्रश्न : "घरात कोणी शाळाबाह्य बालक आहे का?"

"नाय."

"नाय."

"तसलं काय नाय आपल्याकडं."

अठ्ठावीस घरं झाली, फॉर्म कोरा. मी खूश! बाईंना अभिमानाने सांगितलं, "आपली गल्ली शंभर टक्के क्लिअर."

बाईंनी पर्स उचलली आणि मला घेऊन त्याच गल्लीत परत गेल्या. पहिल्याच दारात उंबऱ्यावर टेकल्या. "काय गं, किती भांडी पडतात तुझ्याकडे! हाताखाली कोण असतं?"

"आहे ना पुतणी. गावावरनं आणलीये. लय कामाची पोर."

"वय काय तिचं?"

"असेल दहा-अकरा."

संध्याकाळपर्यंत फॉर्मवर नऊ नावं.

खरा किस्सा याच्या पुढे आहे. त्या वर्षी मुख्याध्यापकांच्या संमेलनात मी 'योग्य प्रश्नाचे महत्त्व : माझा एक प्रयोग' या विषयावर पंधरा मिनिटं बोललो. श्रीफळ मिळालं, शाल मिळाली. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्याच वाजवत होत्या. थांबतच नव्हत्या! शेवटी मीच खाली बघितलं.

*

एका कंपनीचे पाहुणे वह्या वाटायला आले होते. पांढरे टी-शर्ट, गळ्यात कॅमेरे. त्यातल्या एका ताईंनी सहावीच्या वर्गात विचारलं, "मोठं होऊन कोण कोण काय होणार?"

पोलीस, डॉक्टर, पोलीस, रील बनवणार, पोलीस. मग एक मुलगी उभी राहिली. "मी हेडसर होणार."

मला भरून आलं. पाहुण्या ताई म्हणाल्या, "अरे वा! टीचर का नाही? तुमच्या परबबाईंसारखी?"

"नको. बाईंना लय काम असतं."

*

आता जो किस्सा सांगतो, तो तेराव्याला कोणी काढला नाही. माझ्यासमोर कोण काढणार?

सातवी झाली की मुलांना शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. बाई तो मुलांच्या हाती पडू द्यायच्या नाहीत. सगळ्यांच्या आईवडिलांच्या सह्या आधीच घेऊन ठेवायच्या आणि जूनमध्ये एका सकाळी गठ्ठा पर्समध्ये टाकून अख्खा वर्ग रांगेने खाली हायस्कूलला घेऊन जायच्या. सगळ्यांचे प्रवेश एकाच दिवशी.

मला हे फारच गावठी वाटायचं. चार वर्षांपूर्वी मी सांगितलं, "बाई, दाखला हा पालकांचा हक्क आहे. आपण सन्मानाने देऊ." आणि दाखला वितरण समारंभ घेतला! मंडप, माईक, प्रत्येक मुलाला दाखला आणि गुलाबाचं फूल. आया रडल्या. मीही थोडासा गहिवरलो. माईकवर बोलताना माझा आवाज फार चांगला लागतो.

जूनमध्ये हायस्कूलमधून फोन आले. चौदा मुलांचे दाखले प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून आले होते. पहिला मोठा कागद घरात आलेला, हेडसरांनी स्वतः दिलेला. खराब होऊ नये म्हणून आयांनी पैसे घालून लॅमिनेट केला होता! आता त्यावर शिक्का कुठे मारायचा आणि शेरा कुठे लिहायचा? चौदा दाखले पुन्हा बनवले. यावर आम्ही हसलोसुद्धा.

पाच मुली मात्र आल्याच नाहीत.

त्यांतल्या एकीच्या घरी मी गेलो. वडील रिक्षा पुसत होते. मी आठवीचं महत्त्व वगैरे सांगायला लागलो. ते शांतपणे म्हणाले, "पण सर, शाळा झाली ना तिची? तुम्हीच तर गुलाब देऊन पाठवलीत."

परत आलो तेव्हा बाई वर्गात वह्या तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दाखलो हातात दिलो की शाळा संपली, असाच वाटता लोकांका."

त्या पाचपैकी दोघींना बाईंनी दिवाळीनंतर परत आणलं. तिघींना नाही जमलं. पुढच्या वर्षीपासून पुन्हा रांग. मी पुन्हा कधी त्यात तोंड घातलं नाही. बाईंनीही तो विषय पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

*

या जूनमध्ये रांग मी नेली. दुसरं कोण नेणार?

बाईंच्या कपाटात यादी सापडली. सव्वीस नावं, पण हजेरीच्या क्रमाने नाहीत. मला वाटलं घाईत लिहिली असेल, म्हणून मी ती नीट आडनावांप्रमाणे टाईप करून घेतली आणि सकाळी आठला डोंगराच्या पायथ्याकडून सुरुवात केली. एकेक मूल गोळा करत वर चढायला लागलो. अर्ध्यावर आलो तेव्हा माझ्यामागे पंधरा मुलं आणि मला धाप.

रेश्मा नावाची एक मुलगी आहे, तोंडाची फटकळ; तिची मोठी बहीण याच रांगेतून गेलेली. ती म्हणाली, "सर, बाई वरनं सुरू करायच्या. मग उतरताना सगळी गोळा होतात."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हेड ना!"

सगळ्यात वरचं घर कोमलचं. परीक्षा संपल्या संपल्या ती आईबरोबर गावाला गेली होती, आजी आजारी म्हणून. आदल्याच रात्री सगळे परत आले होते. दारात अजून गोण्या होत्या. आई बाहेर आली, माझ्यामागची रांग बघून हसली. मग मान उंचावून रांगेच्या शेवटापर्यंत शोधत राहिली.

"बाई कुठंयत?"

मी टाईप केलेल्या यादीकडे बघितलं.

"हिचे पप्पा नको म्हणतायत, सर. गावालाच ठेवू म्हणतायत. पण बाई बोलल्यात, मी येऊन समजावते त्यांना. त्यांचं ऐकतात ते. बाई आल्या की पाठवते मी हिला. तुम्ही व्हा पुढं."

माझ्यामागे पंचवीस मुलं होती. एरवी यांना गप्प करायला छडी आपटावी लागते. त्या दिवशी एकाच्याही तोंडून शब्द नाही. सगळी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "बरं."

हायस्कूलमध्ये प्रवेशाच्या टेबलावर चव्हाण म्हणून क्लार्क आहेत. मी पूर्ण तयारीनिशी गेलो होतो. फाईल, कायद्यातली कलमं, परिपत्रकं, प्रत्येकाला रंगीत चिठ्ठी.

चव्हाणांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. "जागा नाहीत."

"अहो, कायद्याप्रमाणे तुम्हाला नाकारता येत नाही..."

"नाकारतोय कोण? बाकच नाहीत. बसवू कुठे?"

मी हिरव्या चिठ्ठीचं पान काढलं. मग पिवळ्या चिठ्ठीचं. ते दुसरंच काही लिहीत होते. एवढ्यात मागे खुडबुड झाली. वळून बघतो तो माझी पंचवीस मुलं व्हरांड्यात भिंतीला टेकून ओळीने खाली बसलेली आणि प्रत्येकाने डबा उघडलेला! साडेनऊ वाजता! कोणाची चपाती-भाजी, कोणाचा चहात बुडवायचा पाव.

मी धावलो. "अरे, ही काय जेवायची वेळ आहे? उठा! लाज आणाल माझी!"

रेश्माने सरकून शेजारी जागा केली. "सर, तुम्ही पण बसा ना. जागा मिळेपर्यंत डबा खायचा असतो."

मी बसलो. कडक इस्त्रीच्या पँटमध्ये, मांडी घालून. तिने अर्धी चपाती माझ्या हातावर ठेवली. सुक्या जवळ्याची चटणी होती.

चव्हाणांनी चष्मा काढला. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं, पुन्हा उलटं बघत आले. मग उठून आत गेले. येताना पाण्याचा जग घेऊन आले, मुलांच्या मधोमध ठेवला, खुर्चीत बसले आणि रजिस्टर उघडलं.

"पहिलं नाव सांगा."

साडेबारापर्यंत पंचवीस नावं झाली. चव्हाणांनी माझ्या यादीत उरलेल्या एका नावावर पेन टेकवलं. "ही कोमल कुठे आहे?"

"येईल."

"आठवडाभर जागा ठेवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही."

आज पाचवा दिवस. कोमलच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.