आईचं नाणं आणि कॅमेऱ्याचा भाता

फोन कानाशी धर गं, ऐक. माझ्या आईचं नाणं चिंचेनं घासायला कुणी सांगितलं होतं तुला? घासून पुसट झालेली अक्षरं दिसली नाहीत तर तुझा मामा ते सोनाराकडं आटवायला देणार होता, म्हणून मी सोलापुरात एका कॅमेरेवाल्याकडं गेले.

तो नाणं कडेनंच धरायचा. आधी लावलेली लेन्स एवढी जवळ आली, की तिचीच सावली नाण्यावर पडली. मला वाटलं, डाग आहे. मी पदर पुढं केला.

“आजी, पुसणं पुरे की आता. लांब पल्ल्याची लेन्स लावतो, लांबूनच फोटो निघंल अन् उजेडाला वाट मिळंल.”

मग त्यानं लेन्समागचा घड्यांचा भाता हळूहळू ताणला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक अक्षर उमटलं, मग दुसरं. त्या माणसाचं नाव विचारायचंही राहिलं बघ.

फोटो बघून मामानं नाणं माझ्या हातात दिलं. उरलीत तेवढी अक्षरं बघायला लवकर ये.