अविचे राहिलेले चार होल

मी बाळापूरला पोचले तेव्हा मामांची राख थंड झाली होती.

मामा म्हणजे माझे सासरे. आखाडा बाळापूरचे हळदवाले शेतकरी. शेतातून आले, चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले.

स्कॉटलंडहून हैदराबाद, तिथून गाडीनं नांदेडमार्गे गाव. इतका वेळ कोण ठेवणार? ठेवूही नये.

काही वर्षांपूर्वी हेच त्यांच्या वाट्याला आलं होतं.

माझा नवरा अविनाश, त्यांचा एकुलता एक मुलगा, तिकडेच हार्ट अटॅकनं गेला. मामांना वेळेत व्हिसा मिळाला नाही. लेकाला अग्नी दिलेला त्यांनी मोबाइलवर बघितला.

त्यांना अविचं तोंड बघायला मिळालं नाही. मला त्यांचं.

अवि गोल्फ खेळता खेळता गेला.

गोल्फ म्हटलं की इकडे लोकांना साहेब लोक आठवतात. आमच्या तिथलं मैदान तसं नाही. उत्तरेकडचं छोटं गाव, समुद्राकाठी वाळूच्या टेकड्या, त्यावर खुरटं गवत. अशा मैदानाला तिकडे लिंक्स म्हणतात. मेंढ्या चरत असतात. टुरिस्ट लोक नावाजलेल्या मैदानांवर जातात, आमच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. मी तिथल्या हॉस्पिटलात नर्स. माझी ड्युटी असली की अवि मैदानावर.

अवि गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात मामा तिकडे आले. आल्या आल्या पाणी प्यायले आणि म्हणाले,

"तुमा दोघीला घेऊन जायाला आलो."

दोघी म्हणजे मी आणि माझी लेक मीरा.

नोकरी, मीराची शाळा, सगळं तिकडचं. पण ज्याचा एकुलता लेक गेला त्याला नात देणार नाही, असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

सकाळी म्हणाले, "अवि कुठं पडला ते दाखव मला."

अ‍ॅलनला फोन केला. अ‍ॅलन म्हणजे अविचा खेळातला जोडीदार, रिटायर्ड पोस्टमन, वयानं मामांएवढाच. त्या दिवशी तोच अविच्या सोबत होता.

मामांनी धोतरावर अविची निळी जर्किन घातली. आम्ही चालत चौदाव्या होलपाशी गेलो. अ‍ॅलननं बोटानं जागा दाखवली.

मामांनी चपला काढल्या. त्या गार वाऱ्यात खाली बसले आणि गवतावरून हात फिरवत राहिले.

मी आणि अ‍ॅलन समुद्राकडे बघत उभे.

मग त्यांनी विचारलं, "ह्यो खेळ हितंच संपतो का?"

"नाही मामा. एकूण अठरा होल, अजून चार राहतात."

"मग त्येचे राहिलेले कोन खेळलं?"

मी अ‍ॅलनला विचारलं.

"कोणीच नाही. मीसुद्धा नाही. मी इथपर्यंत येतो आणि घरी जातो."

मी मामांना सांगितलं. ते उठले. जर्किनला लागलेली वाळू झटकली.

"त्येला म्हनाव, चल. आपुन खेळू."

अविची बॅग अजून क्लबातच होती. अ‍ॅलन जाऊन घेऊन आला. मागून क्लबच्या सेक्रेटरी बाई आल्या. मला वाटलं, नको म्हणतील. त्या म्हणाल्या, "आज हे आमचे पाहुणे. सावकाश खेळू दे. मागून खेळत येणाऱ्यांना मी थांबवते."

मामांचा पहिला फटका हवेत गेला. दुसऱ्याला नुसतं गवत उडालं. तिसऱ्याला चेंडू जमिनीलगत सरपटत लांब गेला.

अ‍ॅलन ओरडला, "ब्युटीफुल! इथल्या वाऱ्यात असाच मारायचा!"

होलच्या हिरवळीभोवती मेंढ्या आत येऊ नयेत म्हणून करंटची तार होती. मामा थबकले.

"हे तर आपलं झटका मशीन हाय! आपल्याकडं डुकराला, हितं मेंढराला?"

आणि हसले. अवि गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं ते तेव्हा.

शेवटच्या होलला चेंडू खड्ड्याजवळ जाऊन थांबत होता. मामा परत मारत होते. घाई कुणालाच नव्हती.

मग तो पडला. टक् असा बारीक आवाज आला.

तिकडे डाव संपला की टोपी काढून हात मिळवतात. अ‍ॅलननं टोपी काढली, हात पुढे केला. मामांनी तो दोन्ही हातांत धरला आणि सोडलाच नाही.

दोन म्हातारी माणसं मैदानात उभी राहून मोठ्यानं रडली. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.

घरी येताना गाडीत मामा म्हणाले,

"मी एकटाच वापस जातो माय."

"मामा, राग आला का माझा?"

"राग काहून येईल? मला वाटून राहिलं होतं, माझं लेकरू परमुलखात एकटं मेलं. त्ये एकटं नव्हतं. हितं त्येची मानसं हायत. तुमची बी हायत. ऱ्हावा हितंच."

मी गाडी बाजूला घेतली. मला रस्ता दिसत नव्हता.

गावात लोक बोललेच. नात तिकडंच सोडून आला म्हणाले. मामांनी ऐकून घेतलं. आम्हाला फोनवर एका शब्दानं कळू दिलं नाही.

आज आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याजवळ येऊन बसल्या.

म्हणाल्या, "अवि गेला तसं ह्यांला झोप न्हवती. रातभर ओसरीत फिरायचे. तुमच्याकडून आले आन झोपाया लागले. म्या कवा इचारलं न्हाई, तिथं काय झालं म्हनून."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वर तुम्हाला सांगितलं तसंच.

मामा, निवांत झोपा आता.

तुमच्या सुनेचा आणि मीराचा शेवटचा नमस्कार.