सवतीची हळद

माझी सवत आली ती चार चाकांवर, सांगलीच्या एका डॉक्टरांकडून, आणि तिला दारात ओवाळून घेतलं ते मीच. सासूबाई म्हणाल्या, "ताट आण गं." आणलं. कुंकू लावलं, नारळ वाढवला, चाकांखाली लिंबं ठेवली. हे नुकतेच पलटणीतून ड्रायव्हरची नोकरी संपवून आलेले. शेजारी उभे राहून तिच्याकडं असे बघत होते, की मला वाटलं आता उखाणाच घेतात की काय!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात तेव्हा ट्रॅक्टर होते, फटफट्या होत्या, पण अशी चार माणसांची छोटी निळी गाडी ही पहिलीच. लोक मुद्दाम बघायला यायचे. मला लग्नाआधीसुद्धा कुणी बघायला आलं नव्हतं. ह्यांच्या मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दिसायला देखणी, पण अंगात काही राम नव्हता तिच्या. सकाळी सेल्फ लागायचा नाही. मग पुढून हँडल मारा, नाहीतर गल्लीतली चार माणसं बोलावून ढकला. ऊन तापलं की पेट्रोल पुढं सरकायचं नाही. मग पंपावर ओलं फडकं टाकून हे समोर बसून राहायचे, लेकराच्या कपाळावर पट्ट्या ठेवतात तसे. मागचं डावं दार आतून उघडायचंच नाही. आणि रेडिएटर तर सदा गळका. इस्लामपूरच्या मिस्त्रीनं दोनदा डाग मारून दिला, दोन्ही वेळा पाण्याचा माग दारापर्यंत आलाच.

पण ह्यांचा जीव तिच्यातच. दुसरं कुणी चालवताना इंजिनातलं टॅपेट कटकट वाजलं, की हे भाकरी अर्धी टाकून उठायचे. थंडीत इंजिनावर वाकळ घालायचे, आणि वाकळ कुठली, तर माझ्या आईनं शिवलेली! मला ताप भरला तेव्हा मात्र "गोळी घे आन् पड जरा," एवढंच. माझा नुसता जळफळाट व्हायचा. एकदा मी म्हणालेच, "आवं, तिच्या पोटात काय दुखतंय ते तुमाला इथनं कळतं. माझं तोंड बघून कवा काय कळलंय का?"

"तुझं काय सारखं बिघडतं व्हय?" हे म्हणाले, आणि वर हसले. म्हणजे मी बिघडत नाही, हाच माझा गुन्हा!

मग माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. माहेर तासगावजवळचं, नवरी कवठे महांकाळच्याही पुढची. आमच्यात नवरदेवाला लावून उरलेली हळद, उष्टी हळद म्हणतात तिला, वाटीतून नवरीकडं न्यायची. ती आल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. नवरदेवाची थोरली बहीण म्हणून तो मान माझा. माझ्या स्वतःच्या लग्नात ही हळद आलीच नव्हती. पलटणीतून तार आली, ह्यांची रजा कापली गेली, सकाळी सुपारी आणि दुपारी अक्षता. आईनं घरचीच हळद कालवून मला लावली. बायका म्हणाल्या, चालतंय. चालतं, पण मनातून जात नाही. निदान ह्या पोरीची हळद तरी वेळेत पोचवायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसले. एरवी तिथं सासूबाई, नाहीतर ह्यांचे दोस्त. मांडीवर फडक्यात बांधलेली हळदीची वाटी, अंगावर नवं पातळ. मागं माझी चुलती नवरीची हिरवी साडी आणि चुडा घेऊन. तासगावच्या द्राक्षबागा मागं पडल्या, माळ सुरू झाला, आणि त्या उघड्या माळावर बयेनं वाफ सोडली.

हे बॉनेट उघडून थांबले, निवल्यावर जवळच्या विहिरीचं पाणी आणून ओतलं. ओतलं तेवढं खाली रस्त्यावर. दुपारची एसटी निघून गेली होती, दुसरी संध्याकाळची. तिकडं नवरी पाटावर बसलेली असणार.

"पलटणीत आमी हळद टाकायचो," हे म्हणाले. "भोक बुजतं." आणि माझ्या मांडीकडं बघायला लागले.

"हात लावून बघा!" मी वाटी पोटाशी धरली. "माझ्या भावाची हाय ही. तिच्यासाठी देऊ व्हय? जळो मेली!"

"आगं, निम्मीच."

"न्हाई म्हणजे न्हाई."

मागून चुलती करवादली, "दे की गं बाई! न्हाईतर पोरगी पाटावर बसून म्हातारी व्हईल."

दिली. ह्यांनी निम्मी हळद पाण्यात बोटांनी कालवली, मनगटापर्यंत पिवळे झाले, आणि हळूहळू ओतत म्हणाले, "घे, घे. झालं हां, झालं आता." एवढ्या मऊ आवाजात ह्यांना बोलता येतं, हे मला माहीतच नव्हतं. इंजिन सुरू केलं तशी बयेनं पिवळी चूळ टाकली. बॉनेट पिवळं, ह्यांचं कपाळ पिवळं. गळती थांबली.

पोचलो तेव्हा नवरी पाटावरच होती. वाटी निम्मी का, असं कुणी विचारलं नाही. तिला हळद लागली, मी जिंकले. पण मांडवातल्या बायका ह्यांना बघून फिदीफिदी हसायला लागल्या, "दाजी, तुमाला कुणी लावली?" ह्यांनी हसत गाडीकडं बोट दाखवलं. मांडव हसला. मीही हसले, काय करणार? आतून नुसती भाजत होते.

तेवढ्यात हे माझ्याजवळ आले, माझ्या नव्या पातळाचा पदर धरून दोन्ही हात त्याला खसाखसा पुसले, आणि पाणी गळतंय का ते बघायला परत गाडीकडं गेले. पदरावर बोटंच्या बोटं उठली.

"लगीच धू गं," चुलती म्हणाली, "डाग बसंल."

"बसू दे," मी म्हणाले. ह्यांच्या हातची हळद मला मिळाली ती तेवढीच, आणि तीही गाडीला लावून उरलेली.