निघतो निघतो म्हणताना पूलच निघाला

माणूस जागच्या जागी उभा असताना त्याच्या पायाखालचा पूल चालायला लागतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं.

तो पूल आहे इथल्याच, आखातातल्या एका बंदरात. (नाव सांगत नाही. तिथल्या गार्डसमोर पुन्हा जायची माझी हिंमत नाही.) दोन्ही काठांवर पिवळी, गुलाबी, निळी घरं, खाली कॅफे, आणि मधल्या पाण्यावर फक्त चालणाऱ्यांसाठी एक तरंगता पूल. एका काठाला त्याची बिजागरी आहे. बोट आली की घंटा वाजते, दोन्हीकडची फाटकं बंद होतात आणि अख्खा पूल दार उघडावं तसा बाजूला होतो. बोट गेली की परत जागेवर. माणसांनी घंटा ऐकून पुलावरून उतरायचं असतं. एवढं सोपं आहे ते!

आमची मुक्ता आणि सावंतांचा निषाद सिलिकॉन ओएसिसमध्ये एकाच ऑफिसात. त्या दोघांचं ठरून वर्ष झालं होतं. आता आईबापांनी एकमेकांना भेटायचं, हो म्हणायचं आणि खलास. पण भेटायचं कुठे? आम्ही राहायला करामाला, ते पार दुसऱ्या शहरात, खलिफा सिटीला. शेवटी मुक्तानेच हे मधलं बंदर शोधलं. गाडीत तिने मला सूचना दिल्या.

"आई, वन अवर. ओन्ली वन अवर. नो ब्लड प्रेशर, नो थायरॉइड. आणि प्लीज, नो डोअरवे टॉकिंग!"

"मी कधी दारात उभी राहून बोलते गं?"

गाडी चालवता चालवता हे खोकले. (मागच्या गणपतीत मी एका मैत्रिणीला लिफ्टपर्यंत पोचवायला गेले होते. आरती आमच्याशिवाय झाली.)

"निषादची मम्मी इज स्टिल थिंकिंग," मुक्ता हळूच म्हणाली. "तू फक्त त्यांचा होकार घेऊन ये. बाकी काही नको." एवढं म्हणून ती खिडकीबाहेर बघायला लागली. एरवी तोंडाचा पट्टा चालू असलेली माझी पोर! मी लगेच सगळं कबूल केलं.

कॅफेत सगळे परीक्षेला बसल्यासारखे बसलो होतो. सावंतसाहेब आणि हे शेख झायेद रोडच्या ट्रॅफिकवर बोलले. मग दुसऱ्या रोडच्या ट्रॅफिकवर बोलले. निषादची आई, सुनंदाताई, ताठ बसून कपातला चमचा फिरवत होत्या. मीही शहाण्या बाईसारखी गप्प. रक्तदाब नाही, थायरॉइड नाही, मग माझ्याकडे बोलायला उरतं काय? लग्नाचा विषय कोणी काढेना. मला वाटलं, यांच्या मनात नाही. चहा संपला, दुसऱ्यांदा पाणी पिऊन झालं आणि सावंतसाहेब म्हणाले, "चला, निघूया."

त्यांची गाडी पुलापलीकडे, आमची अलीकडे. आता पाहुणे निघाले की चार पावलं पोचवायला जायचं, ही आपली रीत. मी सुनंदाताईंबरोबर निघाले. दोघे पुरुष अनुभवी. ते आपापल्या गाडीचा एसी सुरू करायला आपापल्या काठाला गेले. मुक्ता आमच्या फाटकापाशी थांबली, निषाद त्यांच्या.

पुलाच्या मध्यावर आल्यावर सुनंदाताई म्हणाल्या, "बरंय, येते हं."

"या हं. आणि घरी या एकदा. माझ्या हातची शेवभाजी खायला. आम्ही जळगावचे."

"अगोबाई! मला तिखट फार आवडतं. पण आमच्याकडे मासे लागतात हो रोज."

"मग मला शिकवा की! सोलकढी माझी नेहमी फुटते."

झालं! कॅफेत तासभर तोंड न उघडलेल्या आम्ही दोघी पुलावर फुललो. नारळाचं दूध किती दाट घ्यायचं इथपर्यंत आलो आणि घंटा वाजली. मागून गार्ड ओरडला, "मॅडम, यल्ला, यल्ला, जल्दी! ब्रिज खुलेगा!"

"हां भैया, बस दो मिनिट!"

"हो, निघालोच आम्ही," सुनंदाताईंनी त्याला मराठीत धीर दिला.

पुढच्या क्षणी माझं डोकं गरगरलं. "सुनंदाताई, मला चक्कर येतेय."

"मलाही! बीपी आहे का तुम्हाला?"

"आहे ना! तुम्हाला?"

"मला थायरॉइड!"

आम्ही एकमेकींना घट्ट धरलं. मग मी वर बघितलं, तर आमचा काठ, गुलाबी बिल्डिंग आणि माझा नवरा असे तिघेही लांब चालले होते!

"अहो! अहोऽऽ!" मी दोन्ही हात हलवले. ह्यांनीही हसत हात हलवला. त्यांना वाटलं, मी टाटा करतेय! (लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आहेत.)

समोरून लाकडी बोट आली, वर पर्यटक. त्यांनी आमचे फोटो काढले. दोन्ही फाटकं बंद, उतरायला जागा नव्हती, म्हणून आम्ही कठड्याला टेकून बोलत राहिलो. गुडघे झाले, वजन झालं. मग एकदम सुनंदाताई म्हणाल्या, "नीलाताई, खरं सांगू? एकुलता एक आहे हो. हा लग्न करून वेगळा झाला की त्या एवढ्या व्हिलात मी आणि फ्रिज. रात्री झोप येत नाही मला."

मी म्हटलं, "माझी कालपासून तीच रड आहे. आमच्या घरात तर फ्रिजसुद्धा लहान आहे."

दोघीही रडता रडता हसलो. पूल परत जागेवर आला, फाटक उघडलं. मी डोळे पुसत उतरले. मुक्ता धावत आली.

"आई! व्हॉट डिड शी से?"

"अगं, त्या नारळाचं दूध दोनदा काढतात."

"आईऽऽ! द होकार!"

अरे देवा! मी वळले आणि पुलावर धूम ठोकली. बघते तर पलीकडून सुनंदाताई पदर सावरत पळत येताहेत. निषादनेही त्यांना तेच विचारलं होतं. मध्यावर आम्ही धापा टाकत समोरासमोर आलो आणि घंटा वाजली.

"मॅडम, फिर से?" गार्डचा आवाज रडवेला झाला होता.

पूल निघाला. या वेळी कुणाला चक्कर आली नाही.

"तुमचा होकार विचारायचा राहिला," मी म्हटलं.

"माझा? अहो, मी तुमच्या होकाराची वाट बघतेय! तुम्ही मुलीकडचे. तासभर एक शब्द नाही बोललात. मला वाटलं, तुम्हाला आमचा निषाद पसंत नाही."

"मला मुलीने गप्प बसवलं होतं!"

"मलाही मुलाने!"

तेवढ्यात ह्यांचा फोन. "काय गं, गाडी चालू ठेवू की बंद करू?"

"बंद करा. विहीणबाईंशी बोलतेय," मी म्हटलं. सुनंदाताईंनी भर पुलावर मला मिठी मारली. एक पांढरी यॉट आमच्यासमोरून गेली आणि कप्तानाने उगाचच भोंगा वाजवला. इतकं छान मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

पूल मिटला. मी मुक्ताला काठावरूनच ओरडून सांगितलं, "होऽऽ म्हणाल्या!" ती माझ्या गळ्यात पडली. मराठीत रडली. मग नाक पुसत तिने विचारलं, "अँड द डेट? या डिसेंबरमध्ये की नेक्स्ट इयर?"

मी तिच्याकडे बघितलं. मग पलीकडे बघितलं. सुनंदाताई पुलाकडे निघाल्याच होत्या.

घंटा वाजायला लागली. मी फाटकाकडे पळाले. वाटलं, आता हा गार्ड मला आत सोडत नाही. पण त्याने फाटक उघडून धरलं होतं, आणि दुसऱ्या हातात त्याच्या केबिनमधल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या.

"ले जाओ, मॅडम," तो म्हणाला. "अब आराम से बैठ के 'जाती हूँ, जाती हूँ' बोलो."