मिटलेल्या झडपा

परवा नागपुरात सिग्नलला माझ्या रिक्षापुढे एक गाडी थांबली होती आणि तिच्या बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघत होती. वाफेबरोबर तो वास आला. तापून उतू गेलेल्या कूलंटचा वास ज्यांनी एकदा घेतला आहे, त्यांना तो सांगावा लागत नाही. गोडसर, करपलेल्या पाकासारखा, आणि तरीही घशाला नकोसा. रिक्षावाल्याने नाक मुरडून रिक्षा बाजूने काढली. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण माझ्या अंगावर मात्र पौषातल्या सकाळचा काटा उभा राहिला होता.

माझी मोठी बहीण गोंडपिपरीपलीकडच्या एका खेड्यात दिलेली. आम्ही धाकटी भावंडं तिला बाई म्हणायचो. दमा तिला लहानपणापासूनचा. पावसाळा ती कसाबसा निभावून नेई. पण धान कापून झालं, शेतातल्या बांध्या उघड्या पडल्या आणि तळ्यावरचं धुकं जमिनीलगत सरपटत गावात शिरू लागलं, की तिचा श्वास आखडायला लागे. मग चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू होत. भाऊजींची एक जुनी डिझेल गाडी होती, तिच्यातून. त्या गाडीचं इंजिन थंडीत लवकर तापतच नसे. हीटर लावला तरी अर्धा रस्ता गार वाराच यायचा, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बाईचे ओठ काळेनिळे झालेले असायचे.

भाऊजी मितभाषी गृहस्थ. धान आणि कापूस सोडला तर त्यांचा सगळा जीव पाना-पक्कडीत. बायकोला काय हवं-नको ते तोंडाने विचारणं त्यांना कधी जमलं नाही. तिच्या चुलीला धुराडं बसवणं, न्हाणीत गरम पाण्याची नळी आणणं, ही त्यांची बोलण्याची रीत. त्या वर्षी त्यांनी मोबाइलवर पाहिलं, की नव्या गाड्यांच्या पुढच्या जाळीमागे झडपा असतात. गार हवा रेडिएटरपर्यंत जाऊ नये म्हणून त्या मिटतात, इंजिन तापलं की आपोआप उघडतात. झालं. दिवाळीनंतर मी माहेरपणासारखी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा अंगणात पत्र्याच्या पट्ट्या कापण्याचं काम चाललं होतं. खिडकीच्या झडपांसारख्या त्या पट्ट्या एका चौकटीत बसवून त्यांनी रेडिएटरपुढे जोडल्या, आणि जुन्या स्कूटरच्या चोकची केबल थेट स्टिअरिंगजवळ आणली. मूठ ओढली की उघडायच्या, ढकलली की मिटायच्या. आपोआप काही व्हायचं नव्हतं.

बाई ओसरीवर तूर निवडत बसली होती. म्हणाली, "गाडीचं नाक दाबून राह्यले तुमी. थे श्वास कुठून घेईन?"

"तुले गरम हवा पाह्यजे ना?" भाऊजी म्हणाले, आणि पुन्हा खाली वाकले.

आणि खरंच, पुढचे दोन महिने ती गरम हवेत बसून चंद्रपूरला गेली. गावातल्या बायकांना कौतुकाने सांगायची. मला फोनवर सांगताना तिच्या आवाजात जो नवेपणा असे, तो तिच्या लग्नाच्या दिवसांतही मी ऐकला नव्हता.

पौषात मी पुन्हा गेले. भाऊजींनी आदल्या दिवशी गाडी शेतातून आणली होती. मळणीच्या तणसाने आणि चिखलाने ती पुढून लडबडलेली. सकाळी उजाडताच बाईला धाप लागली. नेहमीची नव्हे. तोंडात पंप मारला तरी छाती उघडेना. बोलता येईना, नुसती बोटं माझ्या मनगटात रुतवून ती बसली. तिला गाडीत घातलं. झडपा मिटवलेल्याच होत्या, रात्रीपासून. हीटर लवकर गरम व्हावा म्हणून भाऊजींनी त्या तशाच ठेवल्या आणि गाडी काढली.

गोंडपिपरी मागे पडली आणि जंगल सुरू झालं. सागाची पानगळ झालेली, मधूनच मोहाची काळी झाडं, बांबूची बेटं, आणि सगळ्यावर धुकं. त्याच पट्ट्यात काही दिवसांपूर्वी सरपणाला गेलेल्या एका स्त्रीला वाघाने नेलं होतं. वनखात्याने फलक लावला होता, वाहन थांबवू नये म्हणून. गावातले लोक दिवसाही तिथून घोळक्याने जात.

गाडीत ऊब आली तसं मला बरं वाटलं. मग तो वास आला. भाऊजींनी मूठ ओढली. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा ती मूठ केबलच्या तुकड्यासकट त्यांच्या हातात आली.

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. भाऊजींनी हीटर पूर्ण जोरात सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घ्यायची, तेवढाच मार्ग. आत भट्टी पेटल्यासारखं झालं. बाईने मान वर ताणली, काचेवर हात आपटला. मी काच खाली केली तर धुक्याचा लोट तिच्या तोंडावर आला आणि ती खोकून वाकडी झाली. काच वर केली की गुदमरते, खाली केली की खोकते. भाऊजी आरशातून एकदा तिच्याकडे पाहत, एकदा काट्याकडे. मग बॉनेटखालून वाफ उसळली आणि त्यांनी गाडी थांबवली.

ज्या ठिकाणी थांबू नये, नेमक्या त्याच ठिकाणी.

"इथी नोका उतरू," मी म्हणाले. "भाऊजी, इथी नोका."

"इंजिन बसलं त आपण इथीच राहू. तू तिले धर."

ते उतरले. पुढची जाळी उपटल्याचा आवाज आला, मग पत्र्याचा. तणस आणि वाळलेला चिखल पट्ट्यांच्या सांध्यांत दगडासारखा बसला होता. पक्कड धरायला जागा नव्हती. ते नुसत्या हातांनी एकेक तापलेली पट्टी पिरगाळून काढत होते, आणि प्रत्येक पट्टीबरोबर त्यांच्या तोंडून एक दबका हुंकार निघत होता. तेवढ्यात डावीकडच्या झाडावर वानर खाकरलं. खॉक. थोड्या वेळाने दुसरं. मग लांबवर चितळाची इशाऱ्याची तीक्ष्ण हाक, आणि त्यानंतर काहीच नाही. जंगल असं एकदम गप्प होतं तेव्हा कानांत आपलंच रक्त वाजू लागतं. बाईची छाती माझ्या हाताखाली शिट्टी वाजवत होती. ती डोळे मोठे करून समोरच्या काचेकडे बघत होती, जिच्यापलीकडे वाफ आणि धुकं एकमेकांत मिसळून तिच्या नवऱ्याची आकृती पुसट झाली होती. तिने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही.

इंजिन निवेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नव्हता. भाऊजी आत आले नाहीत. आमच्या दाराला पाठ लावून, हातात जॅकचा लोखंडी दांडा घेऊन, बांबूच्या बेटाकडे तोंड करून उभे राहिले. मग त्यांनी पिण्याचं पाणी बेताबेताने रेडिएटरमध्ये ओतलं आणि गाडी सुरू केली. निघताना मी त्यांना आरशात मागे बघताना पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि त्यांनी गाडी जोरात दामटली. पुढे एकदा मी विचारलं तर म्हणाले, "काई नाई. वाऱ्यानं बांबू हालला." पण इतक्या दाट धुक्यात वारा नसतो.

बाई वाचली. आणखी काही हिवाळे तिने काढले, आणि गेली ती एका उन्हाळ्यात, झोपेत, कोणालाही धावपळ न करू देता. झडपा भाऊजींनी पुन्हा लावल्या नाहीत. तिने दोनदा सुचवलं होतं म्हणे. ते नुसते उठून गेले.

यंदा मी त्यांना भेटायला गेले. घरात ते एकटेच. माझ्यासाठी त्यांनी चहा टाकला, उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला, आणि ना फडकं ना चिमटा, तो पेला बोटांत धरून ओसरीपर्यंत शांतपणे चालत आले. मी घेतला तर हात भाजला. माझा चेहरा त्यांनी पाहिला असावा. ओशाळून स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "याईले आता समजत नाई. तुले पोयलं का?"

माणसं जातात, रस्ते रुंद होतात, जंगलातली भीतीही जागा बदलते. कातडी नवी येते. तिच्याखालचं काही मात्र परत येत नाही, आणि ज्याचं गेलं तो त्याचा हिशेबही ठेवत नाही. मी "नाही" म्हणाले, आणि पदर मध्ये न घेता तो पेला तसाच धरून बसले.